जिंकणाऱ्यांचे फोटो

बाबूजी, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज लिहायचं कारण सांगायला लाज वाटते. गोंदिया आपल्या जिल्ह्यातून वेगळा होऊन वर्षभर झालं असेल, माझं नुकतंच लग्न झालं होतं. पवनीच्या बसस्टँडवर लॉटरीची पाटी लागली होती. गळ्यात हार, हातात भला मोठा चेक, असा एक माणूस त्यावर हसत होता. मी तोंड वासून बघतोय आणि तुम्ही खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन मागे उभे. "जितला त्याचा फोटू लावला, हारले त्याइचे कायले नाही लावले?" एवढं बोलून तुम्ही बसमध्ये चढलात. आपण कोष्टी, विणणारे. कापड उलटं करून, काठाचा धागा ओढून पाहिल्याशिवाय तुम्ही कोणाच्या शब्दावर घेतलं नाही.

आता क्रिकेट लागलं की मधेमधे एक नट येतो, घरबसल्या ॲपवर टीम लावा, पैसे जिंका म्हणतो, आणि सवय लागू शकते हे शेवटचं वाक्य घाईघाईत उरकतो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. भोळे लोक फसतात, मी नाही फसणार, हे मी घरात सतरा वेळा सांगितलं. म्हणूनच ते ॲप घेतलं. खेळायला नाही, बाबूजी, उलटी बाजू पाहायला. लबाडी शोधून सगळ्यांना दाखवायची होती. पहिल्याच दिवशी जिंकलो. तेव्हा संशय वाढायला हवा होता, तो कमी झाला. आता माझ्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की खेळतो, आणि बहुतेक वेळा हरतो.

मग माझा संशय मुलावर गेला. तो जवाहरनगरला नोकरीला आहे, घरूनच ये-जा करतो. मॅच बघता बघता फोनमध्ये हसतो. काल जेवताना मी उसळलो. "तू बी तेच खेळून राहिला ना? दे तो फोन." त्याने काढून दिला. भात तसाच ठेवून मी सगळं चाळलं. मित्रांच्या गमती होत्या, लग्न ठरलंय त्या मुलीचे निरोप होते, बाकी काही नाही.

"त्या पोरीचे निरोप काहून वाचून राहिले जी तुमी?" त्याची आई म्हणाली.

मी फोन पुढे केला. त्याने तो खाली ठेवला आणि हात तसाच पुढे धरला. "आता तुमचा दाखवा, पप्पा."

"चार्जिंग नाही," मी म्हणालो.

त्याने हात मागे घेतला आणि वरण वाढून घेतलं. हे खरं तर त्याला सांगायचं आहे. तुम्हाला सांगणं सोपं, कारण हे कुठे पाठवायचंच नाही. चार्जिंग होतं, बाबूजी.