पापलेटचे कल्ले

३ फेब्रुवारी, सकाळी
निमेशने वर्सोव्याच्या आमच्या मच्छीमार सोसायटीसाठी प्रोग्राम बनवलाय. डेस्कटॉपवरचे आयकॉन मी काढणार. इंटरव्ह्यूत दाखवायला एक तरी खरं काम हवंच होतं. निश्चय: नेटवरून काहीही उचलायचं नाही. निमेशच्या आईने, म्हणजे सोनूआत्याने, मला बाराखडीच्या आधी मासे शिकवलेत. माझ्याशिवाय हे कोण करणार?

५ फेब्रुवारी
आयकॉन एडिटर डाउनलोड केला. सोळा बाय सोळा चौकोन. ‘ताजी मच्छी’साठी पापलेट. शेपूट ठेवली की डोळा जातो. डोळा ठेवला.

९ फेब्रुवारी
कल्ल्याच्या जागी एक लाल चौकोन भरला. आत्याचा पहिला धडा: कल्ले लाल नसतील तर मासा घरात आणायचा नाही. निमेशने विचारलं, हे लाल काय, एरर आलाय का? कॉम्प्युटर शिकला आणि मासे विसरला.

१० फेब्रुवारी
आत्याला दाखवलं. तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला. म्हणाली, अगो कल्पे, चेपलेलं बटण हाय का ह्ये? चष्मा नव्हता तिच्याकडे. मग म्हणाली, तुझ्या हातचं हाय ना, मग लावणारच. म्हणजे पसंत.

१६ फेब्रुवारी
निमेशला पापलेटची फाईल पाठवली, रिप्लाय नाही. टेस्टिंग चालू असणार. दरम्यान बोंबील काढला. नुसती रेघ दिसते. पण बोंबील असतोच तसा.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी
उद्घाटन. तुळशीदासकाकांनी, सोसायटीच्या चेअरमननी, नारळ फोडला. स्क्रीनवर ‘ताजी मच्छी’: जाडा, केशरी, पापण्यांवाला मासा. हसतोय. निमेश म्हणाला, नेटवर फुकट होता, आईने निवडला. आत्या शेजारीच पेढे वाटत होती. म्हणाली, कसा गोड हसतोय बघ.
मासा हसतो हे तिने मला कधी शिकवलं नाही.
मी पेढा घेतला नाही. तेव्हा म्हणाली, रुसू नको गो, तुझा बी लावलाय. खाली कोपऱ्यात माझं पापलेट. नाव: ‘शिळी मच्छी’.

२३ फेब्रुवारी
दोघांशी बोलणं बंद. आयकॉन ताबडतोब काढून टाक, असा कडक मेल निमेशला लिहायला घेतला. पुरावा म्हणून फाईल जोडायची होती, म्हणून ती उघडली. बराच वेळ बघत बसले. शिळ्या माशाचे कल्ले लाल कसे असतील? उद्या कुणी जाणकाराने बघितलं तर काय म्हणेल?
लाल चौकोन करडा केला. मेल खोडला, नुसती फाईल पाठवली.
निमेशने अंगठा पाठवला.