उरलेला भात

प्रिय ठमे,

तुझ्या बाबाची तब्येत ठणठणीत आहे. काल डॉक्टरीणबाईंनी तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा पाहिला आणि म्हणाल्या, मटणभात खाऊन साखर इतकी आटोक्यात ठेवणारा पेशंट तुम्हीच. मी मान खाली घातली. ते श्रेय माझं नाही.

तुला आठवतं ना, रविवारी तुझी आई मला कसं वाढायची? आधी काकडी-कोबीची बशी संपवायची, मग मटण, आणि अगदी शेवटी भात, तोही तुझ्या लहानपणीच्या चिमुकल्या वाटीने, एकदाच. जेवण झालं की चपला पुढ्यात. कोपऱ्यावरच्या पोस्टापर्यंत जाऊन यायचं आणि दोन तासांनी बोट टोचून यंत्रावर साखर बघायची. जन्मभर सुया टोचून घेतलेल्या शिंप्याला त्याचं काय वाटणार? पण मी उगाच कण्हायचो, म्हणजे ती हात धरायची.

तो भात मटणाच्या रश्शात शिजवलेला. थोडका केला तर जमतच नाही म्हणायची, म्हणून पातेलं मोठंच चढायचं. माझी वाटी झाली की उरलेला भात खरवडून ती आपल्या ताटात घ्यायची. टाकवत नाही हो, म्हणायची. मी पोस्टाच्या वाटेवर आणि ती पातेल्यापाशी, असं अठरा वर्षं चाललं.

गेल्या वर्षी तिचे कपडे सैल व्हायला लागले. मी तीनदा शिवणी आत घेतल्या आणि चिडवलं, की उतारवयात शेलाटी व्हायची हौस आलेली दिसतेय. ती लाजली, मी खूश. उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या रात्रीतून दोनदा रिकामा व्हायचा, तोही मीच भरायचो. मग पायाला साधं खरचटलं, ते चिघळलं, आणि दवाखान्यात पहिल्यांदा तिचं रक्त तपासलं. साखर साडेचारशे. पुढचं तुला माहीत आहे. पण यंत्र घरातच होतं, ठमे. साऱ्या गल्लीची मापं घेणाऱ्या माणसाला तिचं बोट एकदाही टोचून बघायचं सुचलं नाही. तिच्या दिवसकार्याला तू आलीस तेव्हा हे सांगायचं होतं. तू रडत होतीस, म्हणून राहून गेलं.

आता रविवारी मी छोटं पातेलं चढवतो. भात गिचका होतो. वाटी तीच आहे.

परवा फोनवर तू हसत म्हणालीस, मुलांच्या ताटातलं उरलेलं मीच संपवते, टाकवत नाही. नव्या कपड्यांसाठी मापं सांगितलीस, तर कंबर मागच्यापेक्षा दोन इंच कमी. काही न करता बारीक झाले म्हणून तू खुशीत होतीस. मी कापड बेतायला घेतलं आणि कात्री खाली ठेवली. सोबत माझं यंत्र पाठवतोय, सुया आणि पट्ट्यांसकट. मी दुसरं आणीन. पत्र वाचून झालं की आधी बोट टोच आणि आकडा मला कळव. तोवर तुझे कपडे मी शिवणार नाही.

तुझाच,
बाबा