शंभरातले किती?

४ जानेवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, डॉक्टरांनी अखेर तोंड उघडलं. माझ्या हृदयाची एक झडप आवळत चालली आहे, ती काढून नवी बसवायची म्हणतात. या ऑपरेशननंतर शंभरातले किती जण वर्षभराने हिंडतफिरत असतात, असं मी विचारलं, तर हसले आणि काही काळजी करू नका म्हणाले. तीस वर्षं मी फुटबॉलचा पंच होतो, पोरी. काळजी करू नका म्हणणाऱ्याने हमखास चेंडू हाताने अडवलेला असतो.

तू मृत्यूच्या नोंदींचा अभ्यास करतेस. शेजाऱ्यांना तुझं काम सांगताना आजवर माझी जीभ अडखळायची, आता पहिल्यांदाच त्याचा घरात उपयोग होणार आहे. तेव्हा आकडा तू सांग. तो कळेपर्यंत मी ऑपरेशनची तारीख घेणार नाही. वरच्या मजल्यावरून तुझी आत्या माझ्या नावाने शंख करते आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम आहे.

माया आहेच, उत्तर लवकर यावे.

तुझा बाबा

---

१३ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडू आलं आणि मग तुमचा राग आला. तारीख घ्या हो!

आकड्याचं म्हणाल, तर तिथेच घोडं अडलंय. आपल्याकडे देशभरातल्या मृत्यूंचे दोन साठे आहेत. एक पेन्शन, बँका आणि विमावाल्यांनी कळवलेल्या नावांचा. तो आठवड्याभरात हातात पडतो. दुसरा नोंदणी कार्यालयांचा, डॉक्टरच्या दाखल्यांवरून केलेला. तो रडतखडत दीड वर्षाने येतो. ऑपरेशन झालेल्यांची यादी दोन्हींत शोधायची आणि कुठला साठा भरवशाचा ते ठरवायचं, हे माझं काम. तुमच्यासारख्या झडपवाल्यांबद्दल पहिला साठा म्हणतो, वर्षभराने शंभरातले पंचाण्णव जिवंत. दुसरा म्हणतो एक्क्याण्णव.

गोम अशी, की ज्याचा मृत्यू साठ्यात सापडत नाही त्याला आम्ही जिवंत धरतो. आडनाव निराळं लिहिलं गेलं, परदेशी गेला, पेन्शनच नव्हतं, की माणूस कागदावर अमर. आमचे विभागप्रमुख पहिल्याच्या बाजूने, कारण तो झटपट मिळतो. मी दुसऱ्याच्या बाजूने, कारण मला चटकन मिळालेल्या कशाचाच भरवसा वाटत नाही. हे भांडण मिटायला महिना लागेल. तोवर तुम्ही थांबू नका, आकडे दोन्ही चांगलेच आहेत.

लोभ वाढवा, हट्ट तेवढा कमी करा.

तुमची खारू

---

३० जानेवारी

चि. खारूस आत्याचे आशीर्वाद.

तुझ्या बापाने उच्छाद मांडलाय. तुझं पत्र सगळ्या गल्लीला वाचून दाखवलं. दोन लाइन्समन दोन बाजूंना झेंडे दाखवत असताना गोल द्यायचा नसतो म्हणतो. जिना चढताना दोनदा थांबतो, आणि थांबल्याचं कळू नये म्हणून भिंतीचे पोपडे न्याहाळत उभा राहतो. परवा औषधाच्या दुकानाच्या पायरीवर धापा टाकत बसलेला दिसला. विचारलं, तर बुटाची नाडी बांधतोय म्हणाला. पायात चपला होत्या.

मला भीती वाटते गं. लहानपणापासून तो माझ्या पाठीमागे असायचा, आता वळून बघायचा धीर होत नाही.

म्हणून मी कालच त्याला सांगून टाकलं, की खारूने मला वेगळं पत्र लिहून अठ्ठ्याण्णव हा आकडा पक्का कळवलाय. तू आता मागून तसंच लिही म्हणजे झालं. वाचला तर आनंदच आहे, आणि नाही वाचला तर दोन आकड्यांसाठी भांडायला येणार आहे का?

घरच्यांना विसरू नकोस.

तुझी आत्या

---

९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

भांडण मिटलं. पहिल्या साठ्यात जिवंत आणि दुसऱ्यात मृत असलेल्या एकेकाचा दाखला आम्ही काढून पाहिला. विभागप्रमुखही बाह्या सरसावून बसले होते. जवळजवळ सगळे खरोखरच गेलेले निघाले. पेन्शन नसलेल्या बायका, बँकेचं तोंड न पाहिलेली माणसं, यांच्या जाण्याची पहिल्या साठ्याला खबरच नव्हती. खरा आकडा एक्क्याण्णव. कुणी तुम्हाला मोठा आकडा सांगितला असेल तर तो मायेपोटी सांगितला, रागावू नका.

आता पुढचं नीट वाचा. ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं नाही त्यांचीही यादी मी तपासली. पहिल्या साठ्यात त्यांच्यातले पंच्याऐंशी जिवंत दिसत होते, म्हणजे न करूनही फार बिघडत नाही असं वाटावं. पण कागदावरचे अमर तिथेच जास्त भरलेले होते. खरे उरले अडुसष्ट.

बाबा, अठ्ठ्याण्णव लिहिलेला एक कागद मी पाकिटात घालून बंदही केला होता. मग तो फाडला. मला तुम्ही हवे आहात, आणि खोटं बोलून मिळवलेले नको आहात. रात्रंदिवस हेच डोक्यात आहे.

लोभ करा आणि तारीख घ्या.

तुमची खारू

---

२० फेब्रुवारी

चि. खारूस अनेक आशीर्वाद.

पाच मार्चची तारीख घेतली. एक्क्याण्णव वाचून छातीत धस्स झालं, नाही कशाला म्हणू. नऊ जण गेले म्हणजे जवळजवळ अख्खा संघच की! त्या दिवशी काही गोड लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मन एकदम निवांत झालं.

डॉक्टर म्हणाले काळजी नको. औषधवाला म्हणाला शंभर टक्के. तुझ्या आत्याने तर तुझ्या नावावर अठ्ठ्याण्णव खपवले. ती खोटं बोलताना कान खाजवते हे तिला सत्तर वर्षांत कुणी सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. सगळे माझ्या भल्यासाठीच बोलत होते, आणि मला मात्र एकटं एकटं वाटत होतं. भूल देऊन झोपवल्यावर माझ्या वतीने बाहेर कोण उभं राहणार, याची मला खरी भीती होती.

रुग्ण बोलू शकत नसेल तर निर्णय कुणी घ्यायचा, असं रुग्णालयाने विचारलं. मी तुझं नाव दिलं. आत्या रुसून दोन दिवस खाली आली नाही. जाग आल्यावर जे काही झालं असेल ते मला तूच सांगायचं, दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही.

रजा काढून ये. माझा लोभ तुझ्यावर आहे, आणि आता भारही.

तुझा बाबा

---

७ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

गुडघ्यांमुळे तुला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहिते. बाबा शुद्धीवर आहेत. नवी झडप छान चालते आहे.

ऑपरेशन चालू असताना सर्जन बाहेर आले होते. झडपेजवळची धमनीही विरलेली निघाली. तीही लगेच बदलायची तर धोका वाढणार होता, आणि ठेवायची तर पुढे कधीही फुटली असती. मी शंभरातले किती विचारलं. त्यांनी खाली बघत सांगितलं, दोन्ही एकदम बदललेली माणसं इतकी थोडी, की त्यांचा हिशेबच नाही. मी बदला म्हणाले. पुढचे तास कसे गेले ते विचारू नकोस.

आज जाग आल्यावर सर्जन म्हणाले, उत्तम झालं. नर्सही म्हणाली, उत्तम. बाबांनी दोघांचंही न ऐकल्यासारखं करून माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. धमनीचं, मी काय ठरवलं ते, ठोके अजून नीट पडत नाहीत ते, आणि आणखी काही दिवस याच खोलीत काढायचे आहेत तेही. सांगताना माझा आवाज अगदी खणखणीत होता. त्यांनी माझा हात धरला आणि शांत झोपी गेले.

मग मी बाहेर पॅसेजमध्ये गेले आणि भिंतीला टेकून ढसाढसा रडले. हे त्यांना कळता कामा नये. मी अजिबात घाबरले नव्हते असं मी तुला कळवलंय, एवढं त्यांना सांग. आणि सांगताना हात मांडीवर ठेव.

तुझी माया अशीच पाठीशी राहो.

तुझी खारू