सगळी भोकं बुजवली

३ मार्च, सोमवार
आधी आली ती जाड भिंगांची बाई, मग साहेब, आणि त्यांच्यामागून कॉम्प्युटर तान्ह्या पोरासारखा छातीशी धरून ड्रायव्हर. बाईच्या कोटाची शिवण खांद्यावर उसवलेली, तिला पत्ताच नाही. मी सुईदोरा शोधेपर्यंत बसलीसुद्धा! साहेबांना ह्यांची खुर्ची दिली. हे गेल्यापासून तिच्यात कुणी बसलं नव्हतं. मला काही वाटलं नाही.

काम नातीचं, ती इंजिनियर. दवाखान्यातली खाट वर-खाली करणारा एक लोखंडी जोड आहे, तो सारखा मोडतो. कॉम्प्युटरवर त्याच्यावर वजन टाकून बघायचं, कुठे मोडतो आणि का. जमलं तर साहेब वर्षाचं काम देणार, घरबसल्या. नाही जमलं तर नात परगावच्या नोकरीला हो म्हणणार. म्हणजे म्हणणार नाहीच. मी आहे ना. हेच पाहुणे निकाल बघायला पुढच्या बुधवारी परत यायचेत.

४ मार्च, मंगळवार
नातीचा उजवा हात प्लास्टरमध्ये. जिन्यावरून पडली. हळू उतर म्हणून मी सांगितलं होतं, पण आजीचं ऐकतंय कोण. तर माउस माझ्या हातात. ती सांगते, मी दाबते. शाळा तिसरीत सुटली, पण लॉन्ड्रीवाल्याचं रफू मी जन्मभर केलं. या बोटांना काय शिकवायचं?

आधी जोडाचं चित्र साफ करायचं. कोरलेली अक्षरं, बारीक खाचा, फालतू भोकं, सगळं बुजवायचं. मग त्याच्यावर जाळी बसवायची, म्हणजे त्याचे बारीक चौकोन पाडायचे, एकेकावर किती भार येतो ते कॉम्प्युटर मोजतो. बारीकसारीक राहिलं तर जाळीचा गुंता होतो म्हणे. म्हटलं, बाई गं, हे तू मला सांगतेस?

६ मार्च, गुरुवार
जोडात तेल सोडायचं एक भोक आहे, ते तेलाचं भोक बुजवू नकोस म्हणून नात सारखी घोकतेय. तिथे जाळी दाट हवी, बाकी विरळ. दाट-विरळ! असलं रफू दिलं असतं तर लॉन्ड्रीवाल्याने तोंडावर फेकलं असतं. पण सोडून दिलं. लहान आहे अजून.

शेजारीण डोकावली. अगंबाई, आजी, तुम्ही आणि कॉम्प्युटर? मी म्हटलं, इंजिनियरच्या हाताखाली आहे. खरं तर इंजिनियर माझ्या हाताखाली. पण घरातलं बाहेर कशाला.

आजचा निश्चय: पोरीला फार विचारत बसायचं नाही. वेळ जातो.

९ मार्च, रविवार
नात म्हणाली, आजी, तू आजोबा गेले तेव्हापासून एकदाही रडली नाहीस. म्हटलं, डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना, त्याने पाणी आटतं. आणि कामाच्या मधे बोलू नकोस, हात हलतो.

१० मार्च, सोमवार, दुपार
औषधाच्या गुंगीने नात झोपली. सगळं तयार. तेवढं एक तेलाचं भोक उघडं. मला बघवेना. भोक दिसलं आणि मी तसंच ठेवलं, असं या जन्मात झालेलं नाही.

बुजवलं. मग तिने दाखवली होती तशी बटणं दाबली. जाळी काय बसली म्हणून सांगू! एकसारखी, कुठे सुरकुती नाही. गणित पण लावून दिलं.

संध्याकाळ. जोड निळाशार. लाल आलं तर तिथे मोडणार, असं नात सांगते. लालाचा एक ठिपका नाही! ती जागी झाली, पण डोळे पुन्हा मिटले. उद्या दाखवेन. खूश होईल.

११ मार्च, मंगळवार
पाहुणे आजच टपकले, एक दिवस आधी. नात तोंड धुऊन येईपर्यंत मीच चित्र उघडलं. साहेब म्हणाले, हा तर कुठेच मोडत नाही. मी म्हटलं, मग!

बाईने पिशवीतून खरा जोड काढून टेबलावर ठेवला. मोडलेला. तेलाच्या भोकातून आरपार. मग पडद्याला नाक लावून बघत बसली. म्हणाली, यातलं भोक कुठे गेलं? मी सांगितलं, मी बुजवलं. ओळखू तरी येतंय का?

बाईने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पडद्याला नाक लावलं. माझं काम सगळे असंच पुन्हा पुन्हा बघतात.

नात म्हणाली, चूक माझी, मी तपासायला हवं होतं. दोन दिवस द्या म्हणाली. साहेब म्हणाले, खाटांच्या कारखान्याला उत्तर आजच द्यायचंय, दुसरीकडून करून घेतो. तेवढ्यात मी बाईच्या खांद्याची शिवण उभ्याउभ्या घालून दिली. थँक्यू म्हणाली बिचारी.

ते गेल्यावर नात आतल्या खोलीत फोनवर कुणाला तरी हो म्हणाली. मला म्हणाली, आजी, तुझ्यामुळे नाही गं. ते मला माहीतच आहे.

तिच्यासाठी माळ्यावरची बॅग काढून ठेवलीय. एका कोपऱ्याला भोक आहे, बोट जाईल एवढं. सुई ओवून ठेवलीय. अजून हात लावलेला नाही.

साहेब मात्र माणूस भला. गुरुवारी परत येतो म्हणाले, ड्रायव्हरला घेऊन. कॉम्प्युटर न्यायला.