विळीवर कापलेलं बोट

मखमलाबाद, नाशिक
शुक्रवार

प्रिय शुभांगी,

फोन केला असता तर तू उचलला नसतास, म्हणून कागदच पुढे ओढला. अक्षराला हसू नकोस; उजवा हात शाबूत आहे, अक्षर पहिल्यापासूनच असं आहे. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचा शेंडा मात्र मागच्या महिन्यात गेला. नखापुरताच. अंबडच्या त्याच कंपनीत, पत्रा दाबायच्या त्याच तीन नंबरच्या प्रेसवर, जिच्यावर दोन वर्षांपूर्वी तुझं बोट चिरडलं. तिचं बोटं वाचवणारं गार्ड अजून कोपऱ्यातच पडलंय. ते लावलं की तासाला माल कमी निघतो ना! तू काळजी करू नकोस. पाच टाके पडले, जखम भरत आलीय. रडलेही भरपूर. पण रडून झाल्यावर जो राग आला, तो काही अजून उतरलेला नाही.

नुकसानभरपाईच्या दोन बैठका झाल्या. एचआरच्या अमित साहेबांचं बोलणं तुला ठाऊकच आहे, साखरेत घोळलेलं. पहिल्या बैठकीत नुसता चहा आणि पंधरा हजार. दुसरीत चहाबरोबर बिस्किटं आणि तीस हजार. सोमवारी तिसरी आहे, आता बहुतेक मिसळ मागवतील. पैसे मी घेणार, हक्काचे आहेत. माझं भांडण आहे ते कागदावरच्या एका ओळीशी: 'सदर इजा घरी विळीवर भाजी चिरताना झाली आहे.' त्यावर सही केली की पैसे हातात. म्हणजे मशीन चांगलं, कंपनी चांगली आणि वेंधळी कोण, तर मी! आईला विचारून सही करते म्हणाले, तर साहेबांनी कागद घरी नेऊ दिला. तिथेच ते चुकले.

आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. मी वाचून दाखवलं तशी तिने हातातली जुडी खाली टाकली. "चाळीस वर्सं इळा चालवती मी, एक बोट कापलं नाय. अन् माझ्या पोरीला भाजी चिरता येत नाय म्हनत्यात? लय शहाने!" माळ्याच्या पोरीने विळीवर बोट कापून घेतलं, हे तिला बोट गेल्यापेक्षा जास्त लागलं बघ. मला आधी हसू आलं, आणि मग कुठून तरी बळ आलं.

तो कागद मग मी शेवटपर्यंत वाचला. सगळ्यात खाली काय असावं? 'श्रीमती शुभांगी यांची आता कोणतीही तक्रार उरलेली नाही.' तुझाच जुना कागद काढून वर माझं नाव घातलं आणि खालचं बदलायला विसरले! दुसऱ्या दिवशी त्याची झेरॉक्स मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. सुपरवायझर जयराम शेजारीच उभा होता. म्हणतो कसा, "साधना, कशाला लांबवती? एवढुसं तर बोट." मी म्हटलं, जयरामभाऊ, एवढुसंच आहे तर तुमचं ठेवा प्रेसखाली. त्याने हात खिशात घातले. साहेब म्हणाले, टायपिंगची चूक आहे, सोमवारी नवा कागद करू. मी तिथेच सांगून टाकलं की कागदावर विळी नाही, प्रेस लिहायचं, आणि त्या प्रेसला गार्ड लावायचं. नाही तर मंगळवारी मी कामगार कार्यालयात. एका दमात सगळं बोलले गं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले, ते लिहिते. तुझ्या कागदावर साक्षीदार म्हणून सही माझी होती. तुझं बोट माझ्या डोळ्यांदेखत प्रेसमध्ये गेलं, मीच माझ्या ओढणीने ते बांधलं, आणि तिसऱ्या दिवशी 'घरी कापलं' याच्याखाली मीच नाव घातलं. तुला पैसे लवकर मिळावेत म्हणून केलं, असं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. सही केली तर मला परमनंट करू, असं साहेब म्हणाले होते. केलं नाहीच. गेल्या वर्षी इंदिरानगरला तुझ्या भाजीच्या गाडीवर आले, तेव्हा तू डावा हात ओढणीखाली घेतलास, आणि मी कोथिंबिरीची जुडी घेऊन मुकाट्याने निघून आले. शुभांगी, मी चुकले. यासोबत माझ्या जबाबाची झेरॉक्स जोडलीय, सहीसकट: शुभांगीचं बोट मशीनवरच गेलं, मी पाहिलं. सोमवारी मूळ जबाब मी साहेबांच्या टेबलावर ठेवणार आहे. नोकरी गेली तर गेली, आईच्या जुड्या आहेतच. माफ कर म्हणायला मला तोंड नाही. पण सोमवारी सकाळी दहाला मी कंपनीच्या गेटवर उभी असेन. आलीस तर दोघी मिळून बोलू. नाही आलीस तरी मी दोघींचंच बोलणार. आणि आलीस, तर तो हात ओढणीखाली घेऊ नकोस.

तुझीच,
साधना