मापात बसलेलं शहर

प्रिय दादा,

तुझ्या चेहऱ्याने आज जीव नकोसा केलाय. सकाळपासून कागदामागून कागद फाडतेय. नाक बदललं तर हनुवटी तुझी, हनुवटी बदलली तर भुवया तुझ्या. चष्मा चढवला तर आणखीनच तू!

दोष बाबांचा. व्यंगचित्र शिकायला इतरांना वर्ग असतात. मला स्वयंपाकघरातलं स्टूल आणि त्यावर बसवलेला तू. बाबा चहा पीत फर्मान सोडायचे, आज हा साठेबाज, आज हा खुर्ची गेलेला पुढारी. तू गाल फुगवायचास, डोळे बारीक करायचास, मधूनच मला जीभ दाखवायचास. आई म्हणायची, पोराचं तोंड कायमचं वाकडं कराल! म्हणून तर माझ्या प्रत्येक लबाड माणसात तू थोडाथोडा छापून आलास. फोन करून विचारायचास, काय शंकासूर, आज मी कशाचे भाव वाढवले? मी हसायचे, आणि मग दिवसभर काळजी करायचे की याला लागलं तर नसेल.

आता विषय आलाय बस कंपनीचा. कडेच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या फेऱ्या बंद. ऐकीव माहितीवर चित्र नको, म्हणून शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. कारखान्यातून सुटलेल्या बायका अंधारात चालत निघाल्या होत्या. एक मला म्हणाली, बघा वाट! बस येईपर्यंत माझी नात कामाला लागेल.

तर मी शिंपी काढलाय. गळ्यात टेप, समोर कापडासारखं पसरलेलं शहर. कडा कातरून खाली पडल्यात आणि त्या चिंध्यांवर त्या बायका उभ्या. शिंपी म्हणतोय, ‘आता कसं मापात बसलं!’ संपादक म्हणतात, कापडावर ‘शहर’ लिहा, कात्रीवर ‘काटकसर’ लिहा. उद्या शिंप्यावर ‘शिंपी’ लिहायला लावतील!

पण खरा वैताग तो नाही. या खेपेला शिंपी खरोखरच तू आहेस. फेऱ्या बंद करायच्या हुकमावर सही तुझी आहे. आई म्हणते, सख्ख्या भावाला कुणी चव्हाट्यावर आणतं का? बाबा म्हणतात, चिमटा वरच्याला काढायचा, मग वर कुणी का बसलेला असेना. आणि एवढं बोलून दार लावून घेतात. तुला पाठमोरा काढता आला असता. पण दुसरा अधिकारी असता तर मी त्याचं तोंड काढलंच असतं ना? हे एकदा मनात आलं आणि पाठमोरा काढायचा बेत सोडला.

चित्र उद्या संध्याकाळी द्यायचंय. फोनवर तू हसण्यावारी नेतोस, म्हणून हे पत्र, आणि ते द्यायला बाबा स्वतः येतायत. तुझी समजूत काढायला लिहीत नाही, माफी मागायला तर नाहीच. बाबांनी त्या स्टुलावर तुझ्याकडून सगळे चेहरे करून घेतले. आपलाच हुकूम मागे घेणारा माणूस तेवढा कधी बसवला नाही. तो चेहरा मला काढता येत नाही. उद्या दुपारपर्यंत ये आणि बसून दाखव. स्टूल पुसून ठेवलंय.

नाही आलास, तर शिंपी छापायला जाईल, तुझ्या नाकासकट.

चिडलेली, तरीही तुझीच,
शंकासूर