खडबडीत काठाचा प्रश्न

४ फेब्रुवारी २०२४, रविवार
सुयशने गणिताचा शोधनिबंध छापला. एकट्याच्या नावावर! ईश्वरीने पुण्याहून फोन केला. "आई, बाबांचाच प्रश्न आहे गं. बाबांचे शेवटी फक्त आभार मानलेत."

एकोणीस वर्षं ह्यांनी त्यावर घातली. हे जाऊन अजून महिना झाला नाही — आणि आभार! ह्यांचा विद्यार्थी, दहा वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवला. आजही आंबोळ्यांचं पीठ सवयीने जास्त भिजवलं गेलं.

५ फेब्रुवारी
मला गणित कळत नाही. पण हा प्रश्न ह्यांनी समजावला होता. तारेची कडी साबणाच्या पाण्यात बुडवून काढली, आत पडदा ताणला गेला. "जयू, या पडद्याचा आकार माध्य वक्रतेच्या, म्हणजे तो कुठे किती वाकतो त्याच्या, समीकरणातून निघतो. तार गुळगुळीत असली की सोपं." मग पकडीने तारेला दाते पाडले. "काठच असा खडबडीत असला तर? आपल्या खाडीसारखा? तरी उत्तर असतं, हे मला दाखवायचंय."

त्यासाठी घर गप्प ठेवलं. सकाळी सात ते अकरा ह्यांचं लिखाण. तोवर कुकर नाही — शिट्टीने तंद्री मोडते. ईश्वरीची पेटीसुद्धा त्यापायीच देऊन टाकली.

७ फेब्रुवारी
सुयशला फोन केला. आवाज चढवला नाही.
"काकू, सरच बोलले होते, 'माझं नाव टाकू नको' म्हणून."
"का?"
"ते नका विचारू. सरांना शब्द दिलाय."
गेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं! फोन ठेवला.

८ फेब्रुवारी
त्याच्या लग्नातला आमचा फोटो भिंतीवरून काढला.

१० फेब्रुवारी
ईश्वरी म्हणते, "कॉलेजकडे तक्रार करू. पण पुरावा हवा. बाबांच्या वह्या काढ, तारखा असतील." बेचाळीस वह्या निघाल्या. गेले त्या सकाळीही अकरापर्यंत लिहीत होते.

११ फेब्रुवारी, रविवार
शेवटची वही. १७ जून २०२३. गणिताच्या मध्येच मराठीत —
"आत वळलेल्या खाचेपाशी पडदा काठ सोडतो. तो चिकटून राहतो असं मी धरूनच चाललो होतो. सगळं कोसळलं. सुयशची वाट वेगळी आहे, बरोबर आहे. एकट्याच्या नावाने छाप म्हणालो. जयूला कळू द्यायचं नाही."

तीनदा वाचलं. पोरगा खरं बोलत होता.

आणि हे? त्यानंतर सात महिने रोज सकाळी टेबलाशी बसत होते. दीडशे पानं भरली आहेत. कशाची?

१२ फेब्रुवारी
जुन्या वह्या शेजारी लावून बघितल्या. ती दीडशे पानं २००९ च्या वहीवरून उतरवलेली आहेत. ओळीला ओळ. मी चहा घेऊन जायचे, तेव्हा हात चालताना दिसावा म्हणून.

सकाळी सातलाच कुकर लावला. शिट्ट्या होऊ दिल्या.